खुंटीवरची मॅडम

मुलांना घरीच शिकवणाऱ्या बाईकडे किस्से फार साचतात. शाळेत मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, शिपाई, डबा देणारी आई ही सगळी वेगवेगळी माणसं असतात, त्यामुळे किस्से वाटले जातात. आमच्याकडे ही सगळी मंडळी म्हणजे मी एकटीच! एकही किस्सा दुसऱ्या कुणाच्या वाट्याला गेला नाही.

नाशिकमध्ये होमस्कूलिंग करणारी आमची आठ-दहा घरं आहेत. शनिवारी सकाळी आम्ही एका बागेत भेटतो. मुलं खेळतात, आया डबे उघडतात आणि एकमेकींना धीर देतात. माझी मुलगी मेधा या जूनपासून शाळेत जायला लागली, थेट आठवीत. तरी मी अजून शनिवारी जाते, सवयीने म्हणा. नव्या आया म्हणतात, "ताई, तुमचे किस्से सांगा ना, बरं वाटतं." मी सांगते. त्या हसतात, मीही हसते. मग कुणीतरी विचारतंच, "इतकं छान चाललं होतं, तर शाळेत का घातलंत हो?" तिथे मी डबा बंद करते आणि विषय बदलते.

*

मुळात मी शिक्षिका. मेधा होईपर्यंत आठ वर्षं एका शाळेत शिकवलं. त्यामुळे घरी शिकवणं म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असा माझा समज होता.

मेधा तिसरीत होती. लिहायला हळू. फळ्यावरचं उतरवून व्हायच्या आत फळा पुसला जायचा आणि वहीत लाल पेनने शेरा यायचा, 'इन्कम्प्लीट'. रोज एक. मग रोज सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पोटाला काही झालेलं नाही. एके दिवशी खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवत राहिले आणि ही बाथरूमची कडी काढेना. आतून एवढंच म्हणाली, "आई, खरंच दुखतंय गं." त्या दिवशी मी ठरवलं, बास झालं. हिला मी शिकवीन.

खरं सांगायचं तर 'इन्कम्प्लीट' हा शेरा मीही आठ वर्षं मारला होता. चाळीस वह्यांवर सटासट. कुणाचं पोट दुखत असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

घरची शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात बोंब! पाढे म्हणता म्हणता ही माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. व्याकरण काढलं की "आई, आज धिरडी कर ना." शेवटी मी एक युक्ती काढली. नोकरीतल्या ड्रेसवरची माझी एक हिरवी ओढणी होती. नियम असा, की ओढणी खांद्यावर आहे तोवर मी मॅडम. मला अहो-जाहो करायचं, हात वर करून विचारायचं. ओढणी स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीवर गेली की मी आई. वेळ सकाळी नऊ ते साडेबारा.

मेधाला हे भयंकर आवडलं. दारात उभी राहून "मे आय कम इन, मॅडम?" वगैरे. साडेबाराला मी ओढणी खुंटीला अडकवली आणि पोळ्या करायला घेतल्या. ही धावत स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकली आणि मला म्हणाली, "आई, आज आमच्याकडे नवीन मॅडम आल्या! बऱ्या आहेत, पण ओरडतात."

*

आमच्या शाळेला घंटा नव्हती. कुकर होता. सकाळी दहाला वरणभाताचा कुकर लावायचा, तिसरी शिटी झाली की मधली सुट्टी. त्याआधी जागेवरून उठायचं नाही, पाण्यालाही नाही. मॅडम शिस्तीच्या होत्या!

एकदा इतिहासाचा तास चालला होता. सव्वानऊ वाजले असतील. आणि स्वयंपाकघरातून शिटी! मी दचकले. कुकर तर लावलाच नव्हता. जाऊन बघते तर गॅसवर कुकर, आत फक्त पाणी आणि एक बटाटा. ही "पेन्सिल घेऊन येते" म्हणून आत गेली होती आणि सुट्टी शिजायला टाकून आली होती.

मी कंबरेवर हात ठेवून म्हटलं, "हे काय?"

"मला काय माहीत मॅडम? आईने लावला असेल."

*

मेधाचे बाबा मनमाडला रेल्वेच्या ऑफिसात आहेत. सकाळी नाशिकरोडहून गाडी धरायची, संध्याकाळी परत. घरची शाळा त्यांना फक्त रविवारी दिसायची. म्हणून सहामाहीनंतर मी रविवारी पालकसभा ठेवली. रीतसर! मेधाने चिठ्ठी लिहून बाबांना बोलावणं केलं. मी ओढणी घेऊन खुर्चीत बसले, हे समोरच्या वेताच्या मोढ्यावर.

मी प्रगतीपुस्तक उघडलं आणि आठ वर्षांच्या सवयीने सुरू झाले. "मुलगी हुशार आहे. वाचन उत्तम. फक्त लिहायला फार हळू आहे, वेळेत पूर्ण करत नाही. घरी थोडं लक्ष द्या."

ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, हेच ऐकून ऐकून आम्ही तिला शाळेतून काढलं होतं."

हा किस्सा मी बागेत नेहमी सांगते. सगळ्या पोट धरून हसतात. त्या रविवारनंतर मात्र मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नव्हते, आणि प्रगतीपुस्तकातला शेरा तसाच ठेवला होता.

*

सुट्टी हवी असेल तर लेखी अर्ज द्यायचा, हाही नियमच. मेधाचा एक अर्ज मी जपून ठेवलाय. शब्दशः असा:

"माननीय मॅडम, काल माझ्या हातून दूध सांडले म्हणून माझी आई मला खूप बोलली. त्यामुळे आज माझे लक्ष लागणार नाही. तरी एक दिवसाची रजा मिळावी. आणि जमल्यास तुम्ही माझ्या आईला समजावून सांगावे. तुमचे ती ऐकेल."

मी रजा नामंजूर केली. आईला समजावलं की नाही, ते आता आठवत नाही.

*

आमच्या सासूबाई निफाडकडच्या एका खेड्यात राहतात. त्या चौथीपर्यंत शिकल्या. चौथी म्हणजे आजची चौथी नव्हे. शाळा दुसऱ्या गावात, वाटेत ओढा, आणि घरून "पोरीला कशाला शाळा" म्हणून रोजचा तमाशा. पाचवीला वस्तीतल्या पोरींमधून त्या एकट्याच उरल्या म्हणून घरच्यांनी नाव काढलं. त्या दिवशी दप्तर पोटाशी धरून ओढ्याकाठी बसून राहिल्याचं त्या अजून सांगतात. पुढे त्यांनी द्राक्षाच्या बागांमध्ये कामं केली, पण चारही मुलांना पदवीपर्यंत नेलं. आमच्या बौद्ध घरांमध्ये ही गोष्ट घरोघरी थोड्याफार फरकाने सापडेल. शाळेचा उंबरठा आमच्याकडे सहज ओलांडलेला नाही.

अशा बाईला मी फोनवर काही सांगितलंच नव्हतं! चौदा एप्रिलला जयंतीसाठी त्या नाशिकला आल्या. दुसऱ्या दिवशी नऊ वाजले तरी नात घरातच. मग सगळं सांगावं लागलं. मी पुस्तकातली सगळी कारणं दिली. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आमाला शाळंतून उठीवलं म्हून आमी रडलो. अन् तू बसलेली पोर हातानं उठवून आनली?"

मी ओढणी खांद्यावर घेतली आणि वर्ग सुरू केला.

पण सासूबाई रुसून बसणाऱ्यातल्या नव्हेत. दुसऱ्या दिवशी नऊला अंघोळ करून, पांढरं पातळ नेसून मेधाशेजारी येऊन बसल्या. "पाचवी राह्यली माझी. लिव्ह माझं बी नाव." मी हजेरीत दुसरं नाव लिहिलं. आणि काय सांगू, त्या दीड महिन्यात माझा वर्ग पार बिघडला! मी फळ्याकडे वळले की मागे खुसखुस. सासूबाई पदराआडून शेंगदाणे पास करायच्या. मेधा त्यांना गणिताची उत्तरं दाखवायची. एकदा मी दोघींना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, तर सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुझी मॅडम लय खाष्ट हाय गं." आणि मेधा हसत हसत खालीच बसली. घरच्या शाळेत ती इतकी हसलेली मी पहिल्यांदा बघितली. मॅडमची चेष्टा करायला वर्गात दुसरं कुणीतरी लागतं, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग त्या गावी परत गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस मेधा हजेरी घ्यायला लावायची. "रोल नंबर एक?" "हजर, मॅडम." "रोल नंबर दोन?" ती शेजारच्या रिकाम्या मोढ्याकडे बघायची आणि स्वतःच सांगायची, "गैरहजर."

खरं तर तेव्हाच मी तिला शाळेत घालायला हवं होतं. पण सासूबाईंचं ते वाक्य मला टोचत होतं. त्यांना, ह्यांना, सगळ्या कॉलनीला दाखवून द्यायचं होतं, की बघा, माझी मुलगी शाळेतल्या मुलांपेक्षा काकणभर सरसच आहे! मग तास वाढले. ओढणी साडेबाराला खुंटीवर जायची ती दोनला जायला लागली. मग चारला. पुढे पुढे तर भाजी निवडतानाही ती खांद्यावर असायची.

*

पाचवीच्या वर्षी वाढदिवसाला मेधाने हट्ट धरला, वर्गात चॉकलेट वाटायची. शाळेत असताना वाटायची तशीच. मी म्हटलं, वाट बाई.

नवा फ्रॉक घालून, प्लेट घेऊन ती वर्गात आली. एक चॉकलेट मला दिलं. "थँक्यू बेटा," मी म्हटलं. ती म्हणाली, "मॅडम, अजून एक घ्या. शिपाई मावशींना द्या, त्या रोज वर्ग झाडतात." मी दुसरं घेतलं. मग तिने तिसरं काढलं, सर्वांत मोठं, सोनेरी कागदातलं. मला वाटलं, हेही माझ्याच हातात येणार. पण ते तिने फ्रॉकच्या खिशात टाकलं.

"ते कुणाला गं?"

"आईला. पण ती चारशिवाय भेटत नाही."

*

सहावीच्या वर्षी सहल काढली. त्रिरश्मी लेणी, म्हणजे नाशिककर ज्याला पांडवलेणी म्हणतात ती. विद्यार्थिनी एक, शिक्षिका एक. हिरवी ओढणी घेऊनच निघाले. पायऱ्या चढताना मी शिलालेख, चैत्य, विहार असं सगळं शिकवत होते आणि मेधा वहीत टिपून घेत होती. हळू, पण घेत होती.

खाली उतरलो तर एका शाळेची सहल परत निघालेली. निळ्या फ्रॉकमधल्या मुली, एकीच्या खांद्यावर दुसरीचा हात, अशी लांबलचक रांग. मी पाण्याची बाटली भरायला नळावर गेले. परत येते तर मेधा जागेवर नाही! हाका मारत मी रांगेपाशी आले. त्यांच्या बाई मोजत होत्या. "एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस... अगं, एक जास्त कशी झाली?"

रांगेच्या शेवटी पिवळा टॉप घातलेली माझी मुलगी उभी होती. पुढच्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून, मान सरळ, अगदी शिस्तीत.

त्या बाई हसल्या. मीही हसले, सॉरी म्हटलं आणि मेधाचा दंड धरून तिला बाहेर काढलं. "काय करत होतीस तिथे?"

"काही नाही, मॅडम. बघत होते, कसं वाटतं ते."

बसमध्ये तिला खिडकीजवळ बसवलं आणि लेण्यांवर दहा प्रश्न विचारले. तिने दहाही उत्तरं बरोबर सांगितली. ओढणी काढून पर्समध्ये घालायला एक सेकंद लागला असता. मी घातली नाही.

*

आणि हा शेवटचा. बागेत न सांगितलेला.

गेल्या वर्षीचा आहे. मेधा बारा पूर्ण, सातवीचा अभ्यास. मुलींच्या वयात येण्याचा धडा मी तिला विज्ञानाच्या तासाला शिकवला. उत्तम शिकवला! फळ्यावर आकृती काढली, नावं दिली, मुद्दे लिहून दिले. शेवटी विचारलं, "काही शंका?" ती वहीत बघत म्हणाली, "नाही, मॅडम." चाचणीत दहापैकी दहा मिळाले. मी 'व्हेरी गुड' लिहिलं आणि धड्यापुढे टिक केली. माझ्या आईने मला माजघरात शेजारी बसवून, डोक्यावरून हात फिरवत, अडखळत सांगितलं होतं. ते सगळं आता करायला नको, असं मी धरून चालले. मॅडमनी शिकवलं होतं ना!

दोनेक महिन्यांनी, मंगळवार होता. गणिताचा तास. कुकर नुकताच लावला होता.

"मॅडम, पोटात दुखतंय."

"गणित आलं की दुखतंच. पुढचं उदाहरण घे."

थोड्या वेळाने परत हात वर. "मॅडम, मी बाहेर जाऊन येऊ का?"

"तिसरी शिटी होऊ दे."

"मॅडम, खरंच दुखतंय."

"मेधा, ही नाटकं इथे चालायची नाहीत."

पहिली शिटी झाली. दुसरी झाली. ती लिहीत नव्हती, नुसती वहीकडे बघत होती. तिसरी शिटी झाली. एरवी तिसऱ्या शिटीला ही उडीच मारायची.

"झाली सुट्टी. ऊठ."

ती उठली नाही. दोन्ही हातांनी फ्रॉक मागून घट्ट धरून खुर्चीवर तशीच बसून राहिली. मान खाली. कान लाल झालेले.

"अगं, ऊठ ना. काय झालं?"

"मॅडम," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्ही जा ना."

"मी जाऊ? कुठे?"

"तुम्ही जा. आणि आईला पाठवा."

मी उठले. स्वयंपाकघरात गेले. खांद्यावरची ओढणी काढली, दाराच्या मागे खुंटीला अडकवली. ती दोनदा खाली पडली. मग मी परत खोलीत आले.

मेधाने मान वर केली. डोळे भरलेले होते.

"आई," ती म्हणाली, "कुठे होतीस गं तू?"